भिंतीचं पोट

गवंड्यांच्या बोलीत भिंतीला पोट येतं. ऐकायला शब्द गमतीचा, पण ज्यानं दगडात हयात घालवली त्याच्या कानावर तो पडला की हात आपोआप पोराबाळांना मागं ओढतो. दगडाची जुनी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. एक बाहेरची, एक आतली, अन् मधे माती नि दगडाच्या चिपा भरलेल्या. दोघींना धरून ठेवणारे लांब आरपार दगड घातलेले असले तर ठीक. कामचोरानं ते घातले नसले तर वर्षानुवर्षं मधली माती बसत जाते आणि बाहेरची भिंत आतलीचा हात सोडून पुढं यायला लागते. लांबून काही दिसत नाही. वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला की दोरी मधेच भिंतीला टेकते. मग जुना गवंडी म्हणतो, भिंत पोटुशी आहे, आज ना उद्या मोकळी होणार.

उत्तरेश्वरला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच्या बापानं घराच्या भिंतीचं पोट पाहिलं होतं आणि ‘दिवाळी झाली की उतरवू’ असं म्हणून एक वासा टेकू लावून ठेवला होता. ते साल त्र्याण्णव. गणपती उठले, भूकंप आला, आणि दिवाळीपर्यंत थांबायला भिंत काही बापाची बांधील नव्हती. आई आणि धाकटी बहीण त्या भिंतीखाली गेल्या. उत्तरेश्वर तेव्हा पंचविशीत होता. गाव नव्यानं उभं राहताना त्यानं आरपार दगड कसा बसवायचा ते मन लावून शिकून घेतलं आणि कानाला खडा लावला, की पोट आलेली भिंत दिसली तर गप्प बसायचं नाही. तीस वर्षं त्यानं हे पाळलं. एकदा तर सोयऱ्याच्या लग्नात, अक्षता पडायला घटकाभर उरलेली असताना, मागच्या भिंतीकडं बोट दाखवून त्यानं अख्खा मांडव हलवायला लावला. लोकांनी शिव्या दिल्या. ती भिंत पुढच्या पावसाळ्यात बसली तेव्हा त्याच लोकांनी चहा पाजला.

असा हा माणूस. म्हणून जे झालं त्याचा राग येतो, आणि रागापेक्षा कीव जास्त येते.

उमरग्याला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, ते निजामाच्या काळातल्या एका दगडी कचेरीत. पश्चिमेकडच्या लांब खोलीत वाचनालय. आसपासच्या खेड्यांतल्या मुली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला तिथं येत, कारण घरी अभ्यास म्हटलं की कुणी तरी हातात केरसुणी देई. खोली मोठी, पुस्तकं बरी, पण उन्हाळ्यात तिथं बसणं म्हणजे भट्टीत बसणं. तो दगड दुपारभर ऊन पिई आणि संध्याकाळी आत ओकत राही. पंखे गरम हवा फिरवत, दोन कूलर दिवसभर गुरगुरत आणि वीज खात. मुली डोक्यावर ओला टॉवेल घेऊन इतिहासाच्या सनावळ्या घोकत.

त्या मुलींत उत्तरेश्वरची शिवांजली होती. तिची जागा ठरलेली, पश्चिमेच्या भिंतीतली मधली खिडकी. भिंत अडीच हात जाड, त्यामुळं खिडकीच्या पोकळीत मांडी घालून बसता येईल असा दगडी कट्टा होता. उजेड चांगला, शेजारी कुणी नाही. दीड वर्षं ती तिथं बसत होती. तिच्याजवळ एक फडका होता, त्यात ती दुपारची भाकरी बांधून आणायची, आणि तो फडका कट्ट्यावर नसला तरी ती जागा तिचीच हे सगळ्या मुलींना ठाऊक होतं.

विद्यापीठानं ठरवलं की जुन्या इमारतींना बाहेरून आवरण घालायचं, म्हणजे ऊन आत जाणार नाही आणि विजेची बचत होईल. थर्माकोलचे जाड तक्ते भिंतीला बाहेरून चिकटवायचे, त्यावर बारीक जाळी, जाळीवर पातळ गिलावा, वर पांढरा रंग. गावानं या कामाचं नाव ठेवलं ‘कचेरीचं स्वेटर’. चहाच्या टपरीवर जो तो विचारी, “काय उत्तरेश्वर, उन्हाळ्यात स्वेटर घालतोस व्हय रं दगडाला? कानटोपी बी घाल की!”

विद्यापीठाचे इंजिनिअर अनिरुद्ध साहेब तरणे आणि हुशार होते. ते हसले नाहीत. “माठाला आपण ओलं गोणपाट गुंडाळतो ना, तसंच हे,” एवढंच म्हणाले. उत्तरेश्वरला ते पटलं. कल्पना चांगलीच होती. तिला दोष देणाऱ्यानं आधी मे महिन्यात त्या खोलीत तासभर बसून दाखवावं.

काम रणधीर कंत्राटदाराचं होतं. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता, आणि घाईच्या माणसाला वाईट व्हायला वेळ लागत नाही. जानेवारीत परांची बांधली, म्हणजे गवंड्यांना उभं राहायला फळ्यांची माची उभी केली, आणि पहिल्याच सकाळी उत्तरेश्वरनं पश्चिमेच्या भिंतीवरून ओळंबा सोडला. दोरी मधल्या खिडकीच्या वर भिंतीला टेकली. खाली दोरी आणि दगड यांच्यात त्यानं बोटं घालून पाहिली. तीन बोटं आरामात गेली.

“साहेब,” तो खाली येऊन म्हणाला, “भिंतीला पोट हाय.”

“म्हणजे सरळ नाही?”

“सरळ न्हाय ते हायच. पर पोट हाय, साहेब.”

“बरं झालं आधीच सांगितलंत.” अनिरुद्ध साहेबांनी वही काढली आणि लिहिलं, ‘पश्चिम भिंत : पृष्ठभाग असमतल.’ उत्तरेश्वर शेजारीच उभा होता. त्याला वाचता येत होतं. पोट हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला तेव्हा त्यात त्याची आई होती, बहीण होती, आणि कागदावर पोचेपर्यंत त्याचा असमतल पृष्ठभाग झाला. पोटाला औषध एकच, भिंत उतरवून पुन्हा बांधणं. असमतल पृष्ठभागाला मात्र पुस्तकात सोपा उपाय होता. पोटावर पातळ तक्ता, वर-खाली जाड तक्ता, की बाहेरून सगळं एका रेषेत.

त्यानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. साहेब गाडीत बसून गेले. मग त्यानं रणधीरला गाठलं. “मालक, ही भिंत उतरवाया पायजे.”

“उतरवायची?” रणधीर त्याच्याकडं बघतच राहिला. “अरं, पोट हाय म्हणून लिहून दिलं तर उद्या इमारतीला कुलूप लागंल. मग कमिटी येणार, मग परवानगी. दोन वर्सं कुत्रं फिरकायचं न्हाय हिकडं. अन् तुजी पोरगी कुठं बसणार रं? परीक्षा कवा हाय तिची?”

“एप्रिलात.”

“मग? शंभर वर्सं उभी हाय ती भिंत. म्हातारी माणसं बी वाकूनच उभी ऱ्हात्यात. आता तर तिला कंबरपट्टा घालतूय आपण.”

उत्तरेश्वर घरी आला तो न जेवता बसला. शिवांजलीनं विचारलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं, पण अर्धंच. वाचनालय बंद करावं लागेल असं म्हणाला, का ते सांगितलं नाही. पोरगी गवंड्याची होती, पोट म्हटलं असतं तर ती त्या कट्ट्यावर पुन्हा बसली नसती, एवढं त्याला कळत होतं. मग का नाही सांगितलं? कारण तिचा चेहरा आधीच उतरला होता.

“अण्णा, चार म्हैने,” ती म्हणाली. “फकस्त चार म्हैने बंद पडू देऊ नका. ह्या वर्सी न्हाय झालं तर आई मुरुमच्या त्या स्थळाला होकार देणार. म्या तिला शबूद दिलाय.”

आतून तिच्या आईनं, कमलबाईनं, भांडं आपटलं. तो शब्द खरा होता.

चार महिने. त्यानं मनात हिशेब केला, आणि इथंच तो चुकला असं म्हणणं सोपं आहे. पोट आलेली भिंत पावसात जाते, उन्हात नाही. पाऊस जूनमधे. परीक्षा एप्रिलमधे. पोरगी सुटली की आपण सांगू, उतरवायला लावू. ‘दिवाळी झाली की’ म्हणणाऱ्या बापाला त्यानं तीस वर्षं माफ केलं नव्हतं. त्या दिवशी तो बापाच्याच जागी जाऊन बसला आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मग त्यानं ते काम केलं, आणि जन्मात केलं नव्हतं इतकं सुबक केलं. पोटावर बोटभर जाडीचा तक्ता, तिथून वर आणि खाली उतरत उतरत चार बोटांपर्यंत. हात फिरवला तर कुठं उंचवटा लागेल म्हणून शोधावं, आणि लागू नये. ओळंबा सोडला की दोरी वरपासून खालपर्यंत सारखी. अनिरुद्ध साहेब खूश झाले. कागद पुढं आला : ‘पश्चिम भिंतीचा पृष्ठभाग ओळंब्यात असल्याची खात्री केली.’ खाली कारागिराची सही. कागदातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. उत्तरेश्वरनं सही केली. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा त्यानं स्वतःच्या हातानं रंगवला.

आणि खोली गार झाली, हे कबूल केलं पाहिजे. मार्चअखेर बाहेर डोकं फुटायची वेळ आली तरी आत टॉवेल लागेना. एक कूलर बंद केला, मग दुसराही. मुलींनी अनिरुद्ध साहेबांना टाळ्या वाजवून दाखवल्या. शिवांजली घरी येऊन म्हणाली, “अण्णा, तुमच्या हातानं गारवा दिला बगा.” तो ताटावरून उठला.

त्या चार महिन्यांत, आणि पुढंही शिवांजली तिथं बसत होती तोवर, तो रोज वाचनालयात गेला. कुठंही काम असो, अकराच्या सुमाराला सायकल कचेरीकडं वळायचीच. पंखा बघतो, गिलावा बघतो, असं काहीतरी सांगायचा. खरं म्हणजे तो भिंत ऐकायला जाई. पोट आलेली भिंत पडायच्या आधी बोलते. बाहेरून माती झिरपते, चीर पडते, सांध्यातला चुना भुरभुरतो, रात्रंदिवस काहीतरी टिकटिक चालू असते. जाणत्याला दोन दिवस आधी कळतं. पण आता बाहेरून थर्माकोल होता. झिरपलेली माती तक्त्यामागंच राहणार. चीर गिलाव्यावर उमटणार नाही, जाळी तिला धरून ठेवणार. बोटाची टिचकी मारली तर सगळीकडून एकच बद्द आवाज. आतल्या बाजूनं कान लावावा तर शिवांजली लाजून म्हणे, “अण्णा, पोरी बगायल्यात.” भिंतीचं तोंड त्यानंच बांधलं होतं.

परीक्षा झाली. एप्रिल गेला, मे गेला. आता सांगू, असं तो रोज म्हणे. निकाल लागू दे, म्हणे. तोंडी परीक्षा राहिली तर तिला अभ्यासाला जागा लागेल, म्हणे. पावसाचे दोन सडाके येऊन गेले, भिंत जागची हलली नाही, आणि माणसाचं मन असं बेरकी, की त्याला वाटायला लागलं आपलाच अंदाज चुकला असेल.

जुलैअखेर निकाल लागला. शिवांजलीचं नाव यादीत आलं. भूमच्या पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक. कमलबाई रडली, शेजारणींनी ओवाळलं, मुरुमच्या स्थळानं स्वतःहून निरोप धाडला की घाई नाही.

त्या वाचनालयात मुलींनी एक रीत पाडली होती. जिचं नाव लागलं तिनं आपली जागा मागच्या एकीला द्यायची. नारळ, हळदकुंकू, पेढा, सगळं रीतसर. लागलेल्या जागेत गुण असतो अशी समजूत. शिवांजलीनं आपला कट्टा समृद्धीला दिला. समृद्धी शेजारच्या गावची, बाप नसलेली, मामाच्या घरी राहणारी, अशी लहानखुरी पोर. पेढे वाटायला उत्तरेश्वर स्वतः आला होता. शिवांजलीनं मैत्रिणीच्या कपाळाला कुंकू लावलं, कट्ट्यावर तो भाकरीचा फडका पसरला आणि म्हणाली, “घे बाई, आता तुजी.”

समृद्धी खिडकीत चढायच्या आधी वाकली आणि उत्तरेश्वरच्या पाया पडली. “काका, आशीर्वाद द्या. ह्या जागंवर माजं बी होऊ द्या.”

त्याचा हात तिच्या डोक्यावर होता. सगळ्या मुली बघत होत्या, हसत होत्या, त्याची स्वतःची लेक डोळे पुसत होती. तीस वर्षांत त्यानं मांडव हलवले होते, शिव्या खाल्ल्या होत्या. इथं फक्त एक शब्द बोलायचा होता.

“बस बाई,” तो म्हणाला. “जागा चांगली हाय.”

शिवांजली भूमला गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उत्तरेश्वरची सायकल कचेरीकडं वळली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानं काही ठरवलं नव्हतं. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि बऱ्याच महिन्यांनी त्याला झोप लागत होती, इतकंच.

ऑगस्टच्या शेवटी झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नाही. वरच्या काठाला तक्त्याच्या तोंडावर पत्र्याची पट्टी मारायची राहिली होती, पावसाळ्याआधी मारू असं रणधीर म्हणाला होता, ते उत्तरेश्वरला आठवलं. म्हणजे पाणी वरून तक्त्यामागं उतरणार आणि मधल्या मातीत मुरणार, बाहेर जायला वाट नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन निघाला, जायचंच असं ठरवून. फाट्यावर उभा राहिला. मुरुमला एका मठाच्या ओट्याचं काम त्यानं घेतलं होतं, तिथल्या पंचाक्षरी स्वामींचा दोनदा फोन येऊन गेला होता. उमरग्याकडची जीप यायची होती. मुरुमची आधी आली.

संध्याकाळी येताना जाऊ, असं म्हणत तो तिच्यात बसला.

भिंत अकरा वाजून वीस मिनिटांनी गेली. आवाज फारसा झालाच नाही, असं मुली नंतर सांगत. आधी बाहेरचं पांढरं स्वेटर अख्खंच्या अख्खं, कुठं न फाटता, जरासं पुढं झुकलं. आतून एकीला वाटलं खिडकीचा पडदा हलला. मग मधली माती सुटली आणि खिडकीवरचा दगड कट्ट्यावर आला. बाकीच्या मुली खोलीच्या पूर्वेला होत्या, त्या वाचल्या. समृद्धी त्या दिवशी मामीला चुकवून लवकर आली होती. तिला काढायला दीड तास लागला. हातात पुस्तक तसंच होतं.

चौकशी झाली. अनिरुद्ध साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी वही दाखवली, ‘असमतल पृष्ठभाग’. रणधीरनं कागद दाखवला, ‘ओळंब्यात असल्याची खात्री केली’, खाली सही. चौकशीचे अधिकारी म्हणाले, अतिवृष्टी. गावातही तेच म्हणाले. कुणीच उत्तरेश्वरकडं बोट दाखवलं नाही. उलट टपरीवर एकजण म्हणाला, “नशीबवान हायस बाबा. म्हैनाभर आधी तुजी पोरगी बसायची तिथं.”

शिवांजली तिसऱ्या दिवशी आली. समृद्धीच्या मामाकडं जाऊन, मग घरी. ओल्या चपला दारात काढल्या आणि बापासमोर खाली बसली. पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही.

“अण्णा, म्या ढिगारा बघून आले. त्यात आरपारचा दगड एक बी न्हाय. अन् तक्ते बगितले. मधी पातळ, वर-खाली जाड.” ती थांबली. “पोट व्हतं.”

“व्हय.”

“तुमाला ठावं व्हतं.”

“व्हय.”

“म्या बसत व्हते तवा तुमी रोज येत व्हता. पंखा बगायला.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “समृद्धी बसली त्याच्या मागं किती येळा गेला?”

कमलबाई चुलीपाशी उभी राहिली होती. उत्तरेश्वरनं जमिनीकडं पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर पाण्याचा ओघळ त्याच्या पायापर्यंत आला होता.

“एकदाबी न्हाय,” तो म्हणाला.

मग शिवांजलीनं पिशवीतून कागद काढले, ऑफिसातले, रेघा मारलेले. मांडीवर पाटी घेतली, पेनचं टोपण काढलं. आईनं विचारलं, हे काय, तर म्हणाली, “चौकशीच्या साहेबाला द्यायचं.”

“सांगा,” ती बापाला म्हणाली. “पयल्यापासून. म्या लिहिते. पोट ह्योच शबूद लिहिते, दुसरा न्हाय.”

“अगं, तुरुंगात घालतील त्यांला!” कमलबाई म्हणाली.

“गप ऱ्हा,” उत्तरेश्वर बायकोला म्हणाला, आणि सांगायला लागला. ओळंबा सोडला ते सांगितलं. तीन बोटं सांगितली. साहेबाला काय म्हणालो, साहेबानं काय लिहिलं, रणधीर काय बोलला. चार महिने बंद पडू देऊ नका असं लेक म्हणाली हे त्यानं गाळलं, तर तिनं ते स्वतःच लिहिलं आणि वाचून दाखवलं. तक्ते कसे उतरत नेले ते सांगताना त्याचा हात हवेत तसाच फिरला, सवयीनं. तिनं तेही लिहिलं. तिचं अक्षर सुरेख होतं, दीड वर्षं त्या कट्ट्यावर घोटलेलं.

पेढ्यांच्या दिवसापर्यंत आल्यावर तो अडला.

“ती पाया पडली,” तो म्हणाला. “म्या म्हणालो, बस बाई. जागा चांगली हाय.”

शिवांजलीचं पेन थांबलं. तिनं वर बघितलं. ती तेव्हा तिथंच होती, डोळे पुसत होती, तिनं हे ऐकलं होतं आणि तिला ते किती गोड वाटलं होतं. तिनं कागद बाजूला सारला.

“ह्ये नगं,” ती म्हणाली. “ह्ये न्हाय लिहीत. ह्याची काय गरज न्हाय.”

उत्तरेश्वरनं तो कागद उचलला आणि परत तिच्या पाटीवर ठेवला.

“लिही,” तो म्हणाला. “त्येच लिही आधी.”